अर्धी चाल

मुलांनो, आणि मुलांच्या आजी-आजोबांनो, ही फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि परदेशी गलबतं थेट गावाच्या धक्क्याला लागत.

त्या गावात एक रंगारी राहायचा. लुगडी रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण बायको गेल्यापासून त्याला घर खायला उठायचं. संध्याकाळी चूल पेटवताना ती गुणगुणायची. आता नुसती चूल पेटायची.

एकदा धक्क्यावर एक खलाशी पेटी विकायला बसला होता. पेटीला घड्यांचा भाता होता. ओढली की ती श्वास घ्यायची, दाबली की गायची. खलाशाने वाजवलेली चाल ऐकून रंगाऱ्याला बायको आठवली आणि त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात गलबत सुटण्याचा शंख झाला आणि चाल अर्ध्यावरच राहिली. रंगाऱ्याने घाईघाईने आपली रंग उकळायची तांब्याची काहील दिली आणि पेटी घरी आणली.

घरी आल्यावर मात्र त्याला लाज वाटली. या वयात हे काय खूळ, लोक हसतील! त्याने खिडक्या लावून घेतल्या आणि ठरवलं, "चाल पुरी येईल तेव्हाच उघडीन." अर्धी चाल त्याने घोटून बसवली. उरलेली विचारायला तो प्रत्येक गलबताकडे धावे, पण कुणालाच ती ठाऊक नसे. अशी वर्षं गेली. घर सुनं होतं ते सुनंच राहिलं, वर अंधारही झाला.

कोंदट हवेने एक दिवस भात्याचं कातडं चिरलं. मिठागराच्या आळीत एक म्हातारी लोहारांचे भाते शिवायची. रंगारी पेटी पंच्यात गुंडाळून तिच्याकडे गेला.

पेटी पाहून म्हातारी हसली. "अरे, ही तर आमच्याच मुलखाची पेटी, हिच्या चाली आम्हाला पाठ. आमच्या आज्यांना समुद्रापलीकडून हाकललं, तेव्हा घरदार तिथंच राहिलं, पेट्या तेवढ्या बरोबर आल्या. गेली काही वर्षं दर बाजाराच्या दिवशी उन्हं कलली की आम्ही मिठागरावर जमतो. तुझ्या घरी ऐकू येत असेल की."

"माझ्या खिडक्या बंद असतात, आजी," रंगारी हळूच म्हणाला.

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

बाजाराच्या दिवशी तो गेला आणि कडेला बसला. पण तिथली रीत अशी, की नुसतं ऐकायला कुणी बसायचं नाही. म्हातारीने त्याला मध्ये बोलावलं.

"आजी, मला अर्धीच चाल येते."

"मग अर्धी वाजव, लेका. उरलेली आम्हाला येते."

त्याने वाजवायला घेतलं. त्याची चाल संपली तिथे म्हातारीच्या पेटीने ती उचलली, बाया गाऊ लागल्या, पावलं नाचू लागली. दुसरी अर्धी चाल तो पहिल्यांदाच ऐकत होता. तो रडला, आणि का रडतोस असं कुणी विचारलं नाही. चाल फिरून सुरुवातीला आली तेव्हा सगळे थांबले आणि त्याच्याकडे पाहू लागले. आता पाळी त्याची होती.

त्या दिवसापासून त्याच्या खिडक्या उघड्या राहिल्या. संध्याकाळी चूल पेटवताना तो अर्धी चाल गुणगुणायचा, आणि आळीतून कुणीतरी पुढची म्हणायचं.

म्हणून सांगतो, जेवढं येतं तेवढं घेऊन माणसांत जावं. उरलेलं माणसांपाशीच असतं.