साळूआत्या आणि झिऱ्याचे पाणी

सागाच्या एका रानात, ओढ्याकाठच्या चढावर, एक म्हातारी साळू राहत असे. मुलांनो, साळू म्हणजे साळींदर. पाठीवर लांब, काळेपांढरे काटे असलेला प्राणी. तिचे बीळ दोन मोठ्या धोंड्यांच्या मधून आत शिरायचे, मग वळण घेऊन मुळांच्या खाली खोल जायचे. भर उन्हाळ्यातही तिथे गारवा असे. ते बीळ तिने तरुणपणी एकटीने खणले होते आणि तेव्हापासून ती एकटीच तिथे राहिली होती. सारे रान तिला साळूआत्या म्हणत असे.

आत्या बोलायला थोडी फटकळ होती, पण मनाने मऊ. तिला एकाच गोष्टीचा अभिमान होता. आजवर तिने कुणाकडे काही मागितले नव्हते. कुणी विचारलेच, "आत्या, काही हवं-नको?" तर ती म्हणायची, "मला काय हवं असणार? तुझं तू बघ." आणि विचारणारा गेला, की आपण कसे कुणावर भार होत नाही, या विचाराने तिला बरे वाटायचे.

तिचे शेजारी तीन. खालच्या करवंदीच्या जाळीत एक सशीण राहायची. ती इतकी भित्री, की वाळके पान पडले तरी दचकायची. तिला तीन पिल्ले होती. वरच्या कपारीत अस्वलीण राहायची. तिची पोरे मोठी होऊन दुसऱ्या रानात निघून गेली होती. ती वारुळापाशी बसून वाळवी ओढू लागली, की तिचा सुर्रकन आवाज आत्याच्या बिळापर्यंत ऐकू येई आणि आत्या पुटपुटे, "हिला जरा हळू खाता येत नाही." आणि उंच सागावर लांडोर बसायची. रानातली कोणतीही बातमी आधी तिला कळायची, आणि कळली की तिच्या पोटात राहायची नाही.

त्या वर्षी पाऊस लवकर निघून गेला होता. चैत्र संपायच्या आतच ओढा आटला. डोहात भेगा पडल्या. एके सकाळी अस्वलीण ओढ्याच्या वळणावर आली, तिने वाळू हुंगली आणि लांब नख्यांनी ती उकरायला सुरुवात केली. दोन हात खोल गेल्यावर वाळू ओली लागली. थोडा वेळ गेला आणि खड्ड्याच्या तळाशी ओंजळभर पाणी साचले. अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. त्यातले पाणी प्यायले, की पुन्हा भरेपर्यंत वाट बघावी लागते. म्हणून सगळ्यांनी मिळून पाळ्या ठरवल्या. लहान पिल्ले आधी, मग म्हातारे, मग बाकीचे. पाळी मोडू नये म्हणून लांडोर झाडावरून लक्ष ठेवू लागली आणि अस्वलीण स्वतः सगळ्यांच्या शेवटी पिऊ लागली.

असे दिवस चालले असताना समोरच्या डोंगराला वणवा लागला.

लांडोरीने ती बातमी आणली तेव्हा ती धापा टाकत होती. "आग पलीकडच्या उतारावर आहे," ती म्हणाली. "ओढ्याचं पात्र रुंद आहे, ते ओलांडून यायची नाही. पण वाऱ्यानं जळती पानं उडून येताहेत."

मग सगळे कामाला लागले. ओढ्याकाठचा वाळका पाला उकरून बाजूला सारायचा, म्हणजे ठिणगी पडली तरी तिला धरायला काही नको. अस्वलिणीने मोठमोठे ढीग ढकलले. सशिणीने मागच्या पायांनी पाला उडवला. साळूआत्याने धोंड्यांच्या फटीतून एकेक पान ओढून काढले. ते करताना तिचा मागचा पाय एका लाकडावर पडला. वरून ते राखेसारखे दिसत होते, पण आतून धुमसत होते. पायाचा तळवा भाजला. आत्याने दात आवळले, पाय उचलून धरला आणि इकडेतिकडे पाहिले. कुणाचे लक्ष नव्हते. "बरंच झालं," ती मनात म्हणाली आणि उरलेली पाने तिने तीन पायांवर उभी राहून काढली.

आग अलीकडे आली नाही. धूर मात्र आला. संध्याकाळी वारा पडला आणि डोंगरावरचा सगळा धूर खाली उतरून ओढ्याच्या घळीत बसला. डोळे चुरचुरू लागले. जाळीतून सशिणीच्या पिल्लांचा खोकला ऐकू येऊ लागला. आधी एकाचा, मग तिघांचा.

अंधार पडायच्या आधी सशीण आत्याच्या दाराशी आली. तिन्ही पिल्ले तिच्या पोटाला चिकटली होती. ती आत डोकावली, पुन्हा मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "आत्या, तुमच्या बिळात धूर कमी असेल ना?"

"कमी काय, नाहीच. ये आत," आत्या म्हणाली. मग सशिणीचे थरथरते कान बघून तिने आवाज खाली आणला. "काट्यांना भिऊ नको. मी दाराकडे पाठ करून झोपेन. काटे बाहेर, तुम्ही आत."

आणि खरोखरच ती तशी झोपली. बिळाच्या वळणावर स्वतःचे अंग अडवून तिने धुराची वाट जमेल तेवढी बंद केली. झोपेत काटे उभे राहू नयेत म्हणून तिने नीट झोपही घेतली नाही. पिल्ले दोन दिवसांत धिटावली. सर्वांत धाकटे तिच्या गळ्याखाली, जिथे काटे नसतात तिथे, डोके घालून झोपू लागले. आत्याला ते आवडले, पण ती म्हणाली, "याचं नाक फार गार आहे. जरा पलीकडे घे त्याला." सशिणीने पलीकडे घेतले. थोड्या वेळाने पिल्लू पुन्हा तिथेच आले, आणि या वेळी आत्याने त्याला तिथेच राहू दिले.

पहिले दोन दिवस आत्या पहाटे सगळ्यांच्या आधी लंगडत झिऱ्यावर गेली आणि पाणी पिऊन आली. तिसऱ्या दिवशी पाय सुजला. जमिनीला टेकवला की कळ थेट पाठीपर्यंत जाई. चढ उतरणे शक्यच नव्हते. सशीण पिल्लांना पाण्यावर घेऊन निघाली तेव्हा तिने विचारले, "आत्या, येता ना?"

"मी पहाटेच पिऊन आले," आत्या म्हणाली. पाय तिने पोटाखाली दडवला होता. बिळात अंधार होता आणि सशिणीने विश्वास ठेवला.

पाचव्या दिवशी वारा फिरला. धूर डोंगरापलीकडे गेला आणि सूर्य पुन्हा पिवळा दिसू लागला. सशिणीने पिल्लांना गोळा केले. "आत्या, तुम्ही होतात म्हणून आम्ही वाचलो," ती म्हणाली.

"पुरे झालं. जाळी झाडून घे आधी," आत्या म्हणाली.

पिल्ले गेली आणि बीळ एकदम मोठे वाटू लागले. आत्याजवळ दोन कंद पडले होते. तिने एक खाल्ला. त्यात थोडी ओल होती, तेवढ्यावर दिवस काढला. दुसऱ्या दिवशी जीभ टाळूला चिकटू लागली. बाहेर ऊन असे तापले होते, की धोंड्यांची धग आत येत होती. आत्याने दाराकडे सरपटायचा प्रयत्न केला. वळणापर्यंत पोचली आणि तिथेच पडून राहिली.

तेवढ्यात बाहेर सशिणीचा आवाज आला. "आत्या, बऱ्या आहात ना?"

आत्याने तोंड उघडले. एकच शब्द बोलायचा होता. पण तो शब्द तिने जन्मात कुणाला म्हटला नव्हता. तिच्या मनात आले, बिचारीला तीन पिल्ले आहेत, झिऱ्याला पाणी ओंजळभर, तिला आपला आणखी कशाला त्रास. आणि त्याच्याही खाली, खोल कुठेतरी, तिला लाज वाटत होती.

"बरी आहे," ती म्हणाली. "जा तू, ऊन लागेल पोरांना."

पावलांचा आवाज दूर गेला. आत्याने डोळे मिटले. तिला रडू आले, पण डोळ्यांत पाणी नव्हते.

पुढचे तिला मागाहून लांडोरीने सांगितले, तेही दहा वेळा. झाले असे, की त्या सकाळी अस्वलीण झिऱ्याच्या काठी आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. ओल्या वाळूवर सगळ्यांचे ठसे उमटले होते. ती ते उगाच न्याहाळत होती. ही सशिणीची उडी, हे मुंगसाचे पाऊल, हा लांडोरीचा पंजा. बघता बघता ती थांबली.

"साळूआत्या चालल्या, की त्यांचे काटे वाळूत घासतात," ती म्हणाली. "खराट्यानं झाडल्यासारख्या रेघा पडतात. तीन-चार दिवस झाले, मला त्या रेघा दिसल्या नाहीत."

"पण मी आत्ताच विचारून आले," सशीण म्हणाली. "बरी आहे म्हणाल्या."

अस्वलिणीने तिच्याकडे पाहिले. "आजवर त्या कधी बरी नाही असं म्हणाल्यात का?"

सशिणीने पिल्लांना लांडोरीच्या पंखाखाली लोटले आणि ती चढावर धावत सुटली. अस्वलीण तिच्या मागे होती.

बिळाचे तोंड अरुंद होते. अस्वलिणीचे फक्त नाक आत गेले. "तुलाच जावं लागेल," ती म्हणाली.

सशीण आत शिरली. उजेडातून आल्यामुळे तिला काही दिसेना. वळणावर तिची चाहूल लागताच आत्याच्या अंगावरचे सगळे काटे खडखडत ताठ झाले. तापाने आत्याला समोर कोण आहे ते कळत नव्हते. एरवी सशीण उलट्या पावली पळाली असती. आता मात्र ती जागची हलली नाही. "आत्या," ती म्हणाली, "मी आहे. आधी चार दिवस इथंच तर झोपले होते."

हळूहळू काटे एकेक करून खाली बसले.

"सशे," आत्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. तिने पुन्हा श्वास घेतला. "मला पाणी हवंय. पाय भाजलाय माझा. मला चालता येत नाही."

एवढे बोलायला तिला सगळा जोर लावावा लागला. सशिणीने आत्याच्या मागे जाऊन, काट्यांखालून डोके घालून, तिला इंच इंच दाराकडे ढकलले. बाहेरून अस्वलिणीने नख्यांनी दाराची माती सैल केली आणि आत्याला उजेडात ओढून घेतले. मग ती आत्याच्या समोर जमिनीवर पोट टेकून बसली.

"चढा पाठीवर," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? माझे काटे आहेत."

"माझी दोन्ही पोरं सहा-सात महिने याच पाठीवर वाढली. त्यांची नखंही काही कमी नव्हती. माझे केस दाट आहेत, आत्या. तुम्ही काटे झोपवून ठेवा आणि घट्ट धरा."

आत्या चढली. अस्वलीण उठली आणि इतकी सावकाश चालू लागली, की वाटेतल्या मुंग्यांनाही बाजूला व्हायला वेळ मिळाला असता. सशीण पुढे पळत वाटेतले खडे दूर करत होती. उतारावर एकदा अस्वलिणीचा पाय घसरला. आत्या घाबरली आणि दोन काटे अस्वलिणीच्या खांद्यात रुतले. अस्वलिणीने फक्त मान थोडी वाकडी केली. "पोचलोच," ती म्हणाली.

झिऱ्यावर तेव्हा पाळी अस्वलिणीचीच होती. सकाळपासून ती प्यायली नव्हती. तिने आत्याला काठावर उतरवले आणि म्हणाली, "प्या."

आत्या प्यायली. खड्डा रिकामा झाला. पाणी पुन्हा साचेपर्यंत सगळ्यांनी वाट बघितली. साचल्यावर अस्वलीण म्हणाली, "आणखी." आत्या आणखी प्यायली. मग तिने दातांनी, अगदी जपून, अस्वलिणीच्या खांद्यातले दोन्ही काटे उपटून काढले. "दुखलं का फार?" तिने विचारले.

"दुखलं," अस्वलीण म्हणाली. ते इतके साधेपणाने म्हणता येते, याचे आत्याला नवल वाटले.

पाय बरा होईपर्यंत आत्या ओढ्याकाठच्या एका जांभळीच्या मुळांत राहिली. पाणी तिथून चार पावलांवर होते. लांडोर बातम्या सांगून तिचे कान किटवायची. पिल्ले दुपारी तिच्या सावलीला यायची आणि धाकटे आता कुणाची परवानगी न विचारता गळ्याखाली शिरायचे.

एके सकाळी सशीण नेहमीप्रमाणे आली आणि म्हणाली, "आत्या, काही हवं का?"

आत्याचे नेहमीचे उत्तर ओठांवर आले होते. तिने ते तिथेच थांबवले आणि थोडा विचार केला. खरे तर तिला एक गोष्ट हवी होती. बारीकशीच होती, तिच्यावाचून काही अडत नव्हते. तरी ती म्हणाली, "घळीच्या टोकाला एक वेल आहे बघ. तिचा कंद आणशील का? परवापासून माझ्या मनात तोच घोळतोय."

सशिणीचे दोन्ही कान उभे राहिले. ती इतक्या आनंदाने पळाली, की मागे धूळ उठली. बऱ्याच वेळाने ती धापा टाकत परत आली आणि तिने आत्यापुढे एक कंद ठेवला. तो दुसऱ्याच वेलीचा होता, चवीला तुरट. आत्याने तो सशिणीसमोर शेवटपर्यंत खाल्ला आणि म्हणाली, "उद्याही आण हं."

तात्पर्य : जो शेजारी कधीच काही मागत नाही, त्याच्या 'बरा आहे' या उत्तरावर थांबू नये, आत डोकावून पाहावे, आणि आपल्यावर वेळ आली, तर मोकळेपणाने मागावे, कारण मदत मागणे म्हणजे शेजाऱ्यावर विश्वास ठेवणे.