टिटवीची चोच

माळावर अजून पायवाटसुद्धा पडली नव्हती, तेव्हा तिथे एक टिटवी राहायची. कोल्हा दिसला की ती ओरडून साऱ्यांना सावध करायची. पण एके सकाळी ती ओरडली, "सशिणीला पिल्लं झाली हो, बोरीच्या जाळीत!" ते कोल्ह्यानंही ऐकलं. सशिणीनं पिल्लं कशीबशी दुसरीकडे हलवली.

जनावरं संतापून जमली. कोल्हाच पुढे होऊन म्हणाला, "दुसऱ्यांच्या घरातलं चव्हाट्यावर आणते! वेलानं चोच बांधा हिची." साऱ्यांनी माना डोलावल्या.

सशीण मात्र म्हणाली, "मग हा आला की आम्हाला सांगणार कोण?" ती टिटवीकडे वळली. "बाई गं, तुझी अंडी असतात तेव्हा तू लांब जाऊन का ओरडतेस?"

"अंडी कुठे आहेत ते कळू नये म्हणून," टिटवी म्हणाली आणि खजील झाली.

चोच मोकळीच राहिली. दुसऱ्या दिवशी टिटवी कोल्ह्याच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडली, "कोल्हा निघाला हो, ओढ्याकडून!"

कोल्हा वैतागला. "एवढं सांगतेस, तर सशीण कुठे राहते तेही सांग की!"

"ते तिलाच विचार," टिटवी म्हणाली.

शेजारच्याच गवतात श्वास रोखून बसलेल्या सशिणीनं मनातल्या मनात हुश्श केलं.