चिमाच्या भारोभार गूळ

ऐका हं. गोष्ट गुळाची आहे, चिकट आहे. मधे कुणी उठायचं नाही.

एकदा काय झालं, गुऱ्हाळांच्या गावात एक मुलगी जन्मली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी! रडायचंही बळ नव्हतं तिला. आई देवीला नवस बोलली, "हिला जगव, मोठी कर. वयात आली की हिच्या भारोभार गूळ वाटीन." लेकीचं नाव ठेवलं चिमा.

मग चिमा जगली, वाढली, चांगली अंगानं भरली. पोरी चिडवायच्या, "चिमा कसली, ही तर गुळाची ढेप!" तिला रडू यायचं. आता तर ती वयात आली, नवस फेडायला गावादेखत पारड्यात बसायचं होतं! त्या धास्तीनं तिनं आधी अर्धीच भाकरी खाल्ली. मग चतकोर. मग ताटच सरकवू लागली. आईचा जीव तुटायचा.

तरी चिमाचं समाधान होईना. मग ती गेली डोहावर. तिथं साती आसरा राहायच्या, बरं का, पाण्यातल्या सात बहिणी. चिमा म्हणाली, "बायांनो, माझा भार घ्या."

"दे," पाणी बोललं.

आणि काय सांगू! चिमा कापसासारखी हलकी झाली. पण चिखलात तिचं पाऊल उमटेना. झोपाळ्यावर बसली, तर झोपाळा हलेना. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, तर आईला कळलंच नाही!

मग तुलेचा दिवस आला. चिमा पारड्यात बसली. समोरच्या पारड्यात आईनं गुळाचा नुसता खडा ठेवला, तर चिमा भर्रकन वर! कुणी हसलं नाही. आई मटकन खाली बसली. "अगं बया, एवढ्याशीची एवढी केली होती मी. माझी लेक गेली कुठं?"

चिमा उतरली, थेट डोहावर गेली. "बायांनो, माझा भार द्या!"

पाणी दुभंगलं. तळाशी तिचा भार लखलखत होता. आईचं दूध होतं त्यात, चुलीवरच्या भाकऱ्या होत्या, चिंचेवर चढणारे हातपाय होते. साती आसरा पदर खोचून तो ओढत होत्या, घामाघूम झाल्या होत्या.

"पोरी, आम्ही डोंगरातून नद्या ओढून आणल्या. पण हा आम्हा सातजणींना हलवेना. तू एकटी कशी गं वागवत होतीस?"

चिमा बघतच राहिली. "हे सगळं माझं?" ती वाकली, आणि तिनं तो अलगद उचलला. तिचाच ना तो!

मग ती परत आली. चिखलात पावलं कशी खोल उमटली! पारड्यात बसली. समोर एक ढेप ठेवली, दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. पारडं ढिम्म! गुऱ्हाळातून गूळ येतच राहिला. शेवटी काटा सरळ झाला, तेव्हा गावानं नकळत हात जोडले. चिमा ताठ बसली होती, आणि आई रडत हसत होती.

सगळ्यांना गूळ मिळाला. चिडवणाऱ्या पोरी बोटं चाटत म्हणाल्या, "चिमे, आणखी थोडी जड असतीस तर!"

मग चिमा पोटभर जेवली, आणि सगळी सुखात राहिली. आता तुम्हीही उशीला डोक्याचा मोठ्ठा खड्डा पाडा बघू, आणि झोपा.