भिंतीचं लिंपण

घरघर. फार पूर्वी त्या राज्यात दिवस असा उगवत असे. सूर्य तिथे नव्हताच. वर कुठेतरी धन्याच्या दोन दगडी रांगा एकमेकींवर फिरत, आणि थोड्या वेळाने अंधाऱ्या, वळणावळणाच्या गल्ल्यांतून कोंडा, साली, देठ खाली येत. पीठ वरचेच ठेवून घेत. खालच्यांना त्याचं वाईट वाटत नसे. कोंडा शिजवावा, पोटभर खावा आणि उरलेल्या खळीने भिंत लिंपावी, एवढंच त्यांचं जगणं. भिंतीपलीकडे काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. ती ओलांडायची नाही, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

मग घरघर कमी होत गेली. वरून मऊ, पांढरं, गोड काहीतरी निघे, पण ते वाटेतच संपे. खाली चुली विझल्या.

लिंपणाचं काम म्हाताऱ्या धुरपाकडे होतं. एकदा तिला तिचा भाचा गेनू भिंत चाटताना दिसला.

"गेन्या, अरे भिंत आहे ती!"

"एकच पापुद्रा गं, आत्ये. तूच चढवलेला. गोड लागतो."

"तुझ्या आज्याचा हात फिरलाय तिच्यावर."

"आज्याला कोंडा मिळत होता. मी काय खाऊ?"

हळूहळू सगळी वस्तीच भिंतीला तोंड लावून उभी राहिली. धुरपा मात्र कोरड्या हातांनी भिंत सारवत राहिली.

वरच्या धन्याला काहीतरी दुखलं असावं. त्याने पाहुणे पाठवले. पांढरेशुभ्र, दह्यासारख्या आंबूस वासाचे, मोठ्या उमेदीचे.

"आम्ही आलोय, आता काळजी नको," त्यांचा म्होरक्या म्हणाला.

"खायला काय आणलंत?" धुरपाने विचारलं.

"आम्ही आलो ना!"

"म्हणजे तोंडं वाढली," गेनू म्हणाला.

धुरपाने म्होरक्याचा हात धरून भिंतीवर टेकवला. भिंत आता कांद्याच्या सालीएवढी उरली होती. पलीकडून कोमट, लाल, वाहता उजेड झिरपत होता. त्यातून आवाज येत होता. धक्-धक्, धक्-धक्. मधेच चुकत होता, मग घाईने धावत होता.

"धनी वर नाही रे," ती हळूच म्हणाली. "हा इथे आहे. ही भिंत त्याच्याच पोटाची. थोडं लिंपून तरी जा, बाबा."

पाहुण्याने हात काढून घेतला, अंगरख्याला पुसला, आणि उताराच्या वाटेने निघून गेला.