नीळकंठ आणि भिवराची घोंगडी

फार फार वर्षं झाली त्याला. धामणखेडात तेव्हा भिवरा नावाची एक धनगरीण राहायची. तिची माणसं पटकीच्या साथीत गेली, मेंढरं विकली गेली आणि टेकडीखालच्या झोपडीत ती एकटीच उरली.

गाव तिला हाक मारायचं ते एकाच कामासाठी. कुणाच्या घरात पाखरू शिरून आढ्याला धडका मारायला लागलं, की माणसं केरसुण्या घेऊन त्याच्यामागं धावत आणि पाखरू आणखी वर जाई. मग कुणीतरी भिवराला बोलवायला पळे. ती यायची आणि म्हणायची, "सगळी बाहेर व्हा." वरचा झरोका ती आपल्या घोंगडीनं झाकायची, खालचं दार सताड उघडायची आणि भिंतीकडं तोंड करून गप्प बसायची. वर अंधार झाला की पाखराला दारातला उजेड दिसायचा. घरची माणसं परत येईपर्यंत पाखरू गेलेलं असे, आणि भिवराही. तिचा चेहरा गावात कुणालाच नीट आठवत नव्हता, असं म्हणतात.

एका दसऱ्याला भैरोबाच्या देवळात नीळकंठ पक्षी शिरला. दसऱ्याला नीळकंठ नुसता दिसला तरी भाग्य, आणि इथं तर तो आपणहून देवापाशी आलेला! म्हादू गुरवानं सगळं गाव आत घेतलं आणि दार लावलं. घंटा वाजल्या. लोकांनी त्याच्यावर आपट्याची पानं उधळली. पाखरू घुमटाच्या दगडी जाळीवर धडकत राहिलं. त्याचं एक निळं पीस खाली पडलं, तर त्यासाठी झोंबाझोंबी झाली.

भिवरा बाहेरून दार बडवत होती. "म्हादूदादा, उघड. मरंल ते!"

"भाग्य चालत आलंय, त्याला हाकलू व्हय?" गुरव आतून ओरडला.

"मेलेलं भाग्य कुठं ठेवशील?"

"भिवरे, ही तुझी चिमणी नव्हं," पाटील हसले. "जा, सोनं लूट जा."

"कुणासंगं लुटू?"

आतून घंटा पुन्हा वाजायला लागल्या.

मग भिवरा देवळावर चढली. शिखराचे दगड उन्हानं पोळत होते. तिनं जाळीवर घोंगडी पसरली, पण ती पुरेना. तेव्हा भिवरा तिच्यावर पालथी पडली, तिनं दोन्ही हात पसरले, आणि घोंगडी वाढू लागली. जाळी झाकली, शिखर झाकलं, भर दुपारी देवळात अवसेचा काळोख झाला, असं म्हणतात. देव कोपला म्हणून गुरवानं घाबरून दार उघडलं. माणसं एकमेकांना ढकलत बाहेर आली आणि त्यांच्या डोक्यांवरून पाखरू उघड्यावर निघून गेलं.

सगळे ते गेलं त्या दिशेला बघत राहिले. वर कोण आहे हे बघायचं कुणालाही सुचलं नाही. सुचलं तेव्हा दिवस कलला होता. शिखरावर भिवरा नव्हती, घोंगडीही नव्हती. झोपडीतली चूल थंड होती. कुणी म्हणतं, नीळकंठानं तिला नेलं. कुणी म्हणतं, त्या उन्हात तिची सावली झाली. काहीही म्हणा. तिला 'थांब' म्हणणारं गावात एकही माणूस नव्हतं, हे मात्र खरं, आणि तेवढं गावाला त्या दिवशी कळलं.

म्हादू गुरवानं आपल्या हातांनी देवळाच्या दाराच्या फळ्या काढल्या. भैरोबाच्या देवळाला आजही दार नाही.

आणि दसऱ्याला धामणखेडात पहिलं सोनं देवाला देत नाहीत. आपट्याचं पहिलं पान, गावात जो कुणी एकटा राहतो, त्याच्या घरी जातं. सगळं गाव जातं. पान हातावर ठेवून लगेच परतायचं नसतं. "भिवराचं सोनं" म्हणायचं आणि बसायचं. बोलायला काही सुचलं नाही तरी बसायचं. घरचं माणूस "आता जा की रे बाबांनो" म्हणेपर्यंत कुणी उठत नाही.