पाच कोसांच्या पंगतीची कहाणी

ऐका शिवारआई, तुमची कहाणी. बायांनो, मुठीत पाच पाच दाणे धरा, आणि मागं बसलेल्या सुनांनी फोन पदराखाली ठेवा. कहाणी मोठी नाही, पण अर्ध्यावर उठायची नाही.

आटपाट नगर होतं. नगराला पूर्वी वेस होती, आता बायपास होता. तिथं सारजा नावाची एक आचारीण राहत होती. नवरा देवाघरी गेलेला, पदरात एक लेक, मंजुळा. सारजाच्या हाताला चव होती, पण बोलावणं नव्हतं. लोकांना झालरीचे मांडव हवेत, टाय बांधलेले वाढपी हवेत, सारजाची काळी पातेली कुणाला हवीत? सकाळ झाली की ती दारात येऊन बसे. मग उठे. मग पुन्हा बसे. तिच्या जिवाला थारा म्हणून नव्हता.

एके दिवशी दारी एक म्हातारी आली. पायाला चिखल, ओटीत बियाणं. म्हणाली, भूक लागलीय. सारजानं पिठलं-भाकरी वाढली. म्हातारीनं पहिला घास घेतला आणि विचारलं, हरभरा कुणाचा? सारजा म्हणाली, दुकानातला. दुसरा घास घेतला, जोंधळा कुणाचा? तोही दुकानातला. तिसरा घास घेतला, मिरची कुणाची? तीही दुकानातलीच. म्हातारी म्हणाली, "रांधणारीलाच ठाऊक नाही, मग जेवणाऱ्यानं दुवा द्यावा कुणाला?"

सारजाला ते लागलं. तिनं म्हातारीचे पाय धरले, काय करू ते सांगा म्हणाली. मग म्हातारीनं वसा सांगितला. कार्यात रांधावं ते पाच कोसांच्या आतलं रांधावं. विषारी फवारणी न केलेलं, शेणखतावर पिकलेलं आणावं. वाढताना पिकवणाऱ्याचं नाव पंगतीत मोठ्यानं घ्यावं. पहिल्या पंगतीला त्यालाच बसवावं. आणि जे संपलं, ते संपलं म्हणावं. "घेतलास तर मिरवू नकोस, आणि जड झाला म्हणून खाली ठेवू नकोस." असं म्हणून म्हातारी बांधाबांधानं निघून गेली.

मग सारजा शिवार धुंडाळू लागली. एका गावी हौसाक्काची काटेरी वांगी मिळाली. दुसऱ्या गावी गणू साळोख्याचा तांदूळ मिळाला, शिजला की गल्लीला कळावं असा. तिसऱ्या गावी इस्माईलभाईंच्या गुऱ्हाळाचा काळपट गूळ मिळाला. वाढपी हाळी देऊ लागले, "हौसाक्काची वांगी घ्या, गणूआप्पांचा भात घ्या, इस्माईलभाईंची गूळपोळी घ्या." लोक मान वर करून पिकवणाऱ्याकडं बघत, मग खाली बघून जेवत. बोलावणी वाढली, सारजाचं नाव झालं. नाव झालं, तसा पाय जमिनीवरून थोडा उचलला. आपलाही उचलला असता, हसू नका.

पुढं नगरशेठच्या लेकीचं लग्न निघालं. शेठाणीबाई म्हणाल्या, सगळं आपल्या भागातलं, बिनविषाचं हवं, पाहुण्यांना सांगायचंय. पानं तीनशे. सारजानं विडा उचलला. लग्न आठ दिवसांवर आलं आणि तीनशेची हजार पानं झाली. हौसाक्काचा वाफा तो केवढा! सारजा चुलीपासून दारापर्यंत जाई, दारापासून चुलीपर्यंत येई. नाही म्हणावं तर नाव जातं, हो म्हणावं तर माल नाही. शेवटी काय केलं? फोन उचलला. मार्केटातून वांगी मागवली, गिरणीच्या पोत्यातला तांदूळ मागवला, पिवळाधमक गूळ मागवला. टेम्पो आला, माल उतरला, पण हाळी तीच राहिली.

शेठाणीबाई म्हणाल्या, पहिल्या पंगतीला मोठी माणसं बसायचीत, तुमची चिखलाची माणसं मागनं बसवा. सारजानं तेही ऐकलं. उन्हं कलली तेव्हा शेवटच्या पंगतीत हौसाक्का, गणूआप्पा आणि इस्माईलभाई बसले. वाढप्यानं हाळी दिली, "हौसाक्काची वांगी घ्या." हौसाक्कानं वांगं देठाला धरून उचललं, निरखलं, पुन्हा पानात ठेवलं.

"सारजे," ती म्हणाली, "माझ्या वांग्याच्या देठाला काटं असत्यात. ह्यो देठ गुळगुळीत हाय. नाव माझं घेतलंस, वांगं कुणाचं वाढलंस?"

आणि ती भरल्या पानावरून उठली. मागोमाग गणूआप्पा उठले, मागोमाग इस्माईलभाई उठले. तीन पानं तशीच राहिली. सारजानं घाबऱ्या घाबऱ्या आमटीचा भुरका मारला, तर आमटी लागेना. मीठ जिभेवर ठेवलं, लागेना. चिंच चोखली, लागेना. आचारणीची चव गेली, बायांनो. डोळे गेले असते तरी तिनं अंदाजानं रांधलं असतं.

मग एका कार्यात आमटी खारट झाली. दुसऱ्या कार्यात भाजी अळणी झाली. तिसऱ्या कार्यात खिरीत मीठ पडलं. बोलावणी थांबली. त्यातच मंजुळेचं लग्न माघात ठरलं, आणि विहीणबाईंचा निरोप आला की आम्हांला बाकी काही नको, तुमच्या हातचं जेवू घाला. सारजाला घास गिळेना, अंथरुणाला पाठ लागेना, एका जागी पाय ठरेना. चालत चालत ती पाच कोसांवरच्या बांधाशी आली. तिथं तीच म्हातारी बसलेली. सारजानं पायांवर डोकं ठेवलं, म्हणाली, माझी चव द्या. म्हातारी म्हणाली, "मी नेली नाही. जिथं टाकलीस तिथंच पडलीय. पण आधी ज्यांची नावं घेतलीस, त्यांच्या दारी जा."

सारजा हौसाक्काच्या दारी गेली, झाल्या चुकीची कबुली दिली. हौसाक्कानं हातात खुरपं दिलं. तीन दिवस वाफा खुरपला, बोटांत काटे मोडले, चव आली नाही. गणूआप्पांच्या खळ्यावर गेली, तीन दिवस भात झोडपलं, चव आली नाही. इस्माईलभाईंच्या काहिलीपुढं तीन दिवस मळी काढली, हात पोळले, गूळ चाखला, चव आली नाही. पण निघताना तिघांनी विचारलं, मंजुळेच्या लग्नाला किती पानं? आणि तिघांनी देता येईल तेवढं दिलं. हौसाक्कानं वर हरभऱ्याचं पीठही बांधून दिलं.

लग्नाचा दिवस उजाडला. पहिल्या पंगतीला पिकवणारे बसले, विहीणबाई त्यांच्या शेजारी बसल्या. सारजाला चव नाही, तर हौसाक्का चाखून सांगे आणि सारजा मीठ घाली. पहिली पंगत उठली, दुसरी उठली. तिसरी बसली आणि वांग्यांचं पातेलं खरवडलं. वऱ्हाड तर अजून उभं. सारजाचा फोन वाजला. मार्केटवाला म्हणाला, टेम्पो बायपासलाच आहे, वांगी पाठवू का? लेकीचं लग्न, वऱ्हाड दारात, आणि मुलीच्या आईनं संपलं म्हणायचं? एकदा तिनं मंजुळेकडं पाहिलं, एकदा हौसाक्काकडं पाहिलं. मग फोन ठेवला, आणि भर मांडवात पंगतीपुढं जाऊन उभी राहिली.

"मंडळी," ती म्हणाली, "वांगी संपली. पिठलं टाकते. तेवढं गोड मानून घ्या."

नवऱ्या मुलाचे मामा घसा खाकरू लागले. मंजुळेनं मान खाली घातली. मग विहीणबाई पुढं आल्या. त्या म्हणाल्या, "पिठलं चालेल. पण हाळी दिल्याशिवाय वाढू नका. हरभरा कुणाचा?"

सारजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तशीच मागं गेली, फोडणी टाकली, पीठ लावलं, सवयीनं पळीतलं थेंबभर तळहातावर घेऊन जिभेला लावलं. आणि थांबली. पुन्हा लावलं.

"हौसाक्का," ती म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

हौसाक्कानं चाखलं. कमीच होतं.

शिवारआई जशी सारजाला पावली, तशी तुम्हां-आम्हां सगळ्यांना पावो. तुमच्या कार्यात पानाला पान लागो, पानावर पिकवणाऱ्याचं नाव येवो, आणि जिभेवरची चव जागी राहो. आता मुठीतले दाणे शिवाराकडं टाका. ही साठा पानांची कहाणी, पाचा घासांत सुफळ संपूर्ण.