गडग्यापलीकडच्या अळ्या

एका गावात, नदीकडच्या आळीत, सगुणाकाकू राहत असत. घरामागे त्यांची छोटीशी बाग होती. तुळस, जास्वंद, हिरवंगार अळू, आणि गडग्याला लागून काकूंनी स्वतःच्या हाताने लावलेला बेल. गडगा म्हणजे कमरेएवढी दगडी भिंत. तिच्या पलीकडे द्वारकेचं घर. द्वारका वयाने लहान, पण मोठी कामसू. तिच्या झाडाच्या लिंबांचं लोणचं साऱ्या आळीत जायचं.

त्या वर्षी काकूंच्या यजमानांना, नानांना, खोकल्याने धरलं होतं. काढे झाले, चाटणं झाली. शेवटी काकू शंकराला म्हणाल्या, "देवा, यंदा श्रावणात पाच सोमवार आलेत. दर सोमवारी माझ्या बेलाची एकशे आठ पानं वाहीन. एकही फाटकं नाही, कुरतडलेलं नाही. यांचा खोकला तेवढा उतरव." शिवाय चातुर्मासाचा नेम होताच. मुंगीसुद्धा मारायची नाही.

पहिला सोमवार छान पार पडला. मंगळवारी काकू बेलाशी गेल्या आणि बघतात तर काय, फांदीवर सात हिरव्या अळ्या! लठ्ठ, तुकतुकीत, जणू माहेरपणाला आलेल्या. बोट लावलं की डोक्यातून केशरी शिंगं काढून दाखवायच्या.

मारायचं तर नाही. मग ठेवून घ्यायचं तरी कसं? उचलून दुसरीकडे ठेवणं म्हणजे काही मारणं नव्हे, असं काकूंनी मनाशी ठरवलं. अळ्या वाटीत घेतल्या, गडग्याशी गेल्या, डोळे मिटून 'नमः शिवाय' म्हटलं आणि वाटी पलीकडे द्वारकेच्या लिंबावर उपडी केली.

नाना मागच्या ओटीवरून बघत होते. खोकत खोकत म्हणाले, "याला अहिंसा म्हणायचं की बदली?"

"तुम्ही काढा घ्या," काकू म्हणाल्या.

मग ते रोजचंच झालं. आठवड्याने द्वारका गडग्यावरून म्हणाली, "काकू, माझ्या लिंबावर अळ्यांचा नुसता बाजार भरलाय. कुठून येतात कोण जाणे!"

"देवाची लीला गं," असं म्हणून काकू घाईघाईने घरात गेल्या. त्या दिवशी देवाला दोन फुलं जास्त पडली.

एक गोष्ट मात्र काकूंनाही उमगत नव्हती. यंदा अळूवर गोगलगायी फार. रोज सकाळी नव्या. इतक्या हळू चालणाऱ्या जिवांनी एवढी मजल मारावी तरी कशी?

तिसऱ्या सोमवारनंतर बागेत फुलपाखरं आली. काळीपिवळी, ठिपक्याठिपक्यांची. द्वारकेच्या लिंबावरून उठायची आणि गडगा ओलांडून थेट बेलावर यायची. "शंकर पावला हो!" म्हणत काकूंनी हात जोडले. फुलपाखरंही प्रत्येक पानाला शेपटी टेकवून नमस्कार करत होती. पण ते नमस्कार नव्हते. ती अंडी होती.

पाचव्या सोमवारच्या आदल्या सकाळी काकूंनी बेल पाहिला आणि त्या मटकन खाली बसल्या. पहिल्या दिवशी गेल्या होत्या सात, परत आल्या सत्तर. अलीकडून सगळं झाड धुंडाळून धड पानं निघाली फक्त एकसष्ट. चार सोमवार पार पडले आणि शेवटी व्रत मोडणार! घरात नाना खोकले. वाटी पुरेना म्हणून त्यांनी तपेलं घेतलं, अळ्यांनी भरलं, पदराआड धरलं आणि गडग्याशी गेल्या.

पलीकडून द्वारका वाकली होती. हातात सुपली, सुपलीत गोगलगायी, आणि नेम काकूंच्या अळूवर.

"द्वारके!"

सुपली जागच्या जागी थांबली. "काकू, माझी कोबीची रोपं खाल्ली हो यांनी. मारलं तर माझाही नेम मोडतो. म्हटलं, अळूची पानं मोठी असतात, दोन घास गेले तर…" द्वारका लालबुंद झाली. "चुकलं माझं."

काकूंच्या जिभेवर चांगलं चार वाक्यांचं बोलणं आलं होतं. तपेलं द्वारकेला दिसलं नव्हतं. 'असू दे, पुन्हा नको हो करूस' एवढं म्हटलं असतं, तर मोठेपणाही मिळाला असता. काकूंनी तोंड उघडलं. पण उद्या याच तोंडाने देवाचं नाव घ्यायचं होतं. त्यांनी पदर बाजूला केला आणि तपेलं गडग्यावर ठेवलं.

अळ्यांनी शिंगं काढली. ती बघून की काय, गोगलगायींनीही आपली काढली.

"अगंबाई!" द्वारका ओरडली. "म्हणजे तो बाजार तुमचा होय!"

"माझाच गं. आणि आता वाढून माझ्याच दारी आलाय. उद्याची पानं पुरत नाहीत." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुरत नाहीत कशी? जरा इकडे वाकून बघा."

काकू वाकल्या. बेलाची एक फांदी गडग्यावरून द्वारकेच्या अंगणात झुकली होती. पानं कशी, हिरवीगार आणि शाबूत.

"तुमच्या व्रताची फांदी म्हणून मी रोज तिच्यावरच्या अळ्या वेचते," द्वारका म्हणाली.

काकूंना ही फांदी ठाऊकच नव्हती. गडग्याशी आल्या की त्या रोज डोळे मिटत होत्या ना!

"आणि वेचलेल्या अळ्या कुठे टाकतेस गं?"

द्वारका पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. "तुमच्याच बेलावर. जरा आतल्या बाजूला."

मग मात्र दोघी गडग्याला धरून इतक्या हसल्या, की ओटीवर नानांनाही हसू आवरेना. फांदीवरून मोजून सत्तेचाळीस पानं काढली. एकशे आठ भरली. बेलाची सर्वांत खालची फांदी अळ्यांना दिली आणि गोगलगायींना दोन्ही घरांमागचा पाचोळ्याचा ढीग.

"चला, बदल्या एकदाच्या रद्द झाल्या!" नाना म्हणाले आणि पुन्हा हसले. त्यांचा खोकला खरंच उतरला, की त्या हसण्यात ऐकूच येईनासा झाला, ते एका शंकरालाच ठाऊक.

तात्पर्य: आपल्या अंगणातली पीडा डोळे मिटून शेजाऱ्याकडे लोटली, तर ती पंख लावून परत येते. चूक कबूल करून दोघांनी मिळून निस्तरली, तर देवाच्या वाट्याचं पान शाबूत राहतं.